फक्त संशोधनासाठी

कुपीत पाच मिलिग्रॅम.
पांढरी पूड, चिमटीतल्या मिठाहून कमी,
आणि किंमत अशी की हत्तुरे सरांनी मागणीपत्रावर
दोनदा सही केली, एकदा चुकून.
लेबलवर धड नाव नाही,
दोन अक्षरं, चार आकडे,
मागावरच्या बिमाला असतो तसा नंबर.
खाली बारीक: फक्त संशोधनासाठी. माणसांसाठी नाही.

हृदयाच्या पेशीला एक दार असतं, उलट्या स्वभावाचं.
बाकीची दारं धक्का बसला की उघडतात.
हे उघडतं सगळं निवल्यावर,
ठोका संपून पेशी गप्प बसली की
थोडं सोडियम आत सोडतं, म्हणतं, चल, पुढचा.
ज्यांना सापडलं त्यांनी त्या प्रवाहाला
गमत्या म्हटलं, आणि कागदोपत्री तेच राहिलं.
कुणीतरी चकित झालं
आणि नंतर ते पुसलं नाही,
विज्ञानातलं एवढंच मला कधीकधी पुरतं.

माझी पूड त्या दारात जाऊन बसते,
तीही आतल्या बाजूने.
पाणी तीनदा बदललं तरी उठत नाही.

झेब्रा माशाची तीन दिवसांची पिल्लं,
काचेसारखी. पोटात अजून पिवळी शिदोरी,
आणि हनुवटीखाली
तांबूस काहीतरी मुठी वळतंय, सोडतंय.
मी पेन्सिल घेऊन बसते.
एक ठोका, एक ठिपका.
पंधरा सेकंद, गुणिले चार.
एकशे छप्पन्न. एकशे साठ.
मग औषध, मग अर्धा तास,
मग पुन्हा ठिपके, आता सुटे सुटे,
बाणा सैल पडलेल्या कापडासारखे.
एकशे आठ.

हा आकडा मला जपमाळेमुळे नाही,
साखर पेठेतल्या शेडमुळे ओळखीचा.
नायना जॉबर होते.
मागाच्या चौकटीवर पंजा ठेवून, डोळे मिटून सांगायचे,
हा एकशे बारा,
हा एकशे आठ, याचा पट्टा ढिला झालाय.
त्या ठोक्यावर आम्ही झोपलो, पाढे म्हटले,
आईने हजार हजार बिड्या वळल्या.
माग शेवटी किलोवर गेले.
त्या रात्री नायनांना शांततेने जाग आली.

मे महिना, दुपारी दोन चाळीस, लाइट गेली.
कुंपणापलीकडचे कारखाने एकदम मुके.
थंड करणारं यंत्र बंद,
पाणी अठ्ठावीसचं एकोणतीस, एकतीस,
आणि पिल्लांची हृदयं धावत सुटली,
औषध दिलेलीसुद्धा.
सोलापूर थांबलं की हे पळतात.
समोरच्या रसवंतीतून बर्फ आणला,
डागी चादरीत गुंडाळून पेट्यांभोवती लावला.
सर म्हणाले, आजचे आकडे खोडा.
मी बाजूला लिहिलं: उकाडा.
खोडलं नाही.

रात्री नायना ओट्यावर, छातीत धडधड घेऊन.
त्यांच्या गोळ्या माझ्या पुडीच्याच भावकीतल्या,
फक्त शिकून सवरून दवाखान्यात लागलेल्या.
महाग आहेत, म्हणून अर्धी मोडून घेतात,
मला कळत नाही असं समजतात.
तुझ्या कुपीतलं दे की जरा, म्हणाले.
मी लेबल पाठ म्हणून दाखवलं.
माणसांसाठी नाही? मग माशांना काय दुखत होतं?

मला उत्तर सुचेना.
त्यांनी माझं मनगट धरलं,
दोन बोटांनी नाही, अख्ख्या पंजाने, मागासारखं.
डोळे मिटले.
एकशे चार, म्हणाले. पट्टा फार ताणलायस.
मेल्लगा, बिड्डा, मेल्लगा.

हात सुटल्यावर मी गुपचूप मोजलं.
एकशे दोन.
सांगितलं तर म्हणाले,
तुझं घड्याळ बघ.